सासूबाईंचं पिल्लू

सासूबाईंनी ग्लासावर तळहात ठेवला आणि मी मनात म्हटलं, झालं! आजचा दिवस काही सुखाचा जात नाही.

माझा नवरा वितोल्ड बाटली तिरकी धरून तसाच उभा. “आई, नामदिन तुझा आहे. एक घोट घेतलास तर काय बिघडतंय?” आपल्या नावाच्या संताचा दिवस तो नामदिन, आमच्याकडे वाढदिवसासारखाच साजरा होतो.

“मला अजून गाडी काढायचीय,” त्या म्हणाल्या आणि सूपमधल्या शेवया चमच्यावर गोळा करायला लागल्या.

गाडी म्हणजे कुठली, हे टेबलाभोवतीच्या पाचही जणांना ठाऊक होतं. खिडकीतून अंगणात मात्र दुसऱ्याच दोन गोष्टी दिसत होत्या. एक, लाल रिबिनीचा भलामोठा बो लावलेली पांढरी कोरी गाडी. ऑटोमॅटिक, सीट गरम होणारी, आईसाठी लेकाची भेट. ती मीच वॉर्सातून चालवत आणली होती. आणि दुसरा, आमच्या जुन्या गाडीमागे जोडलेला रिकामा ट्रेलर. त्या ट्रेलरबद्दल अजून कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही.

ट्रेलर होता पिल्लासाठी. सासऱ्यांनी एकोणऐंशी साली घेतलेली ती छोटी फियाट. इंजिन मागे, डिकी पुढे, आणि मधे चार माणसांनी कसं मावायचं ते त्यांनी आपापसात ठरवायचं. अख्खा देश तिला पिल्लू म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. सासरे असेपर्यंत तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. बायकोचा तर नाहीच. सासूबाई पंचवीस वर्षं शेजारच्या सीटवर बसल्या. मांडीवर कधी बरण्या, कधी जिवंत कोंबडी, कधी बोझेना. सासरे गेले, वर्षभराने सासूबाईंनी काळे कपडे उतरवले, आणि साठी उलटलेली ही बाई सरळ ड्रायव्हिंगच्या शाळेत जाऊन बसली. नापास झाली, परीक्षकाशी भांडली, पुन्हा नापास झाली आणि शेवटी पास झाली. तेव्हापासून त्यांच्या गावात, गोर्लित्सेत, कोणालाही विचारा, उशीवर बसून पिल्लू हाकणाऱ्या रेगीनाबाई कोण, तो घरापर्यंत आणून सोडेल.

“आई, बाहेर बघितलंस ना?” बोझेनाने विचारलं. माझी नणंद. त्याच गावात राहते, म्हणजे आईचं सगळं तिच्याच गळ्यात. “किती गोड गाडी आणलीय दादाने.”

“बघितली. बो छान आहे.”

“आई!”

“अगं, छान आहे म्हटलं ना. कटलेट घे. लेशेक, तुम्ही काकडी घेतली नाहीत.”

लेशेक म्हणजे बोझेनाचा नवरा. त्याने मुकाट काकडी घेतली. सासरवाडीला भांडण लागलं की हा माणूस जे समोर येईल ते खातो. त्यामुळे त्याचं वजन बघून आमच्या घरातलं हवामान कळतं.

बोझेनावर मी तेव्हा मनातून चिडले होते, पण तिचंही काही चूक नव्हतं. गेल्या जानेवारीत चर्चच्या उतारावर पिल्लू बर्फावरून घसरलं आणि अलगद जाऊन चरात बसलं. सासूबाईंना खरचटलंसुद्धा नाही. त्या दार उघडून बाहेर आल्या आणि जमलेल्या लोकांना म्हणाल्या, “बघत काय बसलाय, उचला!” चार माणसांनी ते खरोखर उचलून रस्त्यावर ठेवलं. पण बोझेनाला कामावर फोन गेला तो “तुझ्या आईचा अपघात झालाय” असा. ती सांगते, त्या दिवशी जिना उतरताना तिला पायऱ्या दिसत नव्हत्या. तेव्हापासून बर्फ पडला की ती रात्रभर जागी. शेवटी तिनेच वितोल्डला फोन केला होता, दादा, काहीतरी कर बाबा, माझ्याच्याने हे सोसत नाही.

आणि दादाने केलं. तो काही करायचं म्हटलं की असं भव्यच करतो.

“आई, आता सरळच सांगतो,” वितोल्ड बसला. “पिल्लू मी घेऊन जातोय. नीट दुरुस्त करून घेईन, होतं तसं. माझ्या गॅरेजमध्ये राहील. जुन्या गाड्यांचे मेळे भरतात, तिथे नेईन. पुढे पाटी लावीन बाबांच्या नावाची. बाबांची गाडी आहे, ती अशी चरात पडून मोडायला नको.”

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. “कोणाची गाडी?”

“बाबांची.”

“अस्सं.”

“कागदावर अजून तेच मालक आहेत,” लेशेक काकडी चावत म्हणाला. “वारसाचं कोणी काही केलंच नाही. म्हणजे तशी ती सगळ्यांची—”

“लेशेक, तू जेव!” बोझेना आणि मी एकदमच ओरडलो.

“आणि मी काय करायचं?” सासूबाईंनी लेकाला विचारलं.

“तुला नवी आणली की! आई, त्या गाडीत गिअर टाकायला नको, काही नको. मागे काही आलं तर ती स्वतः ओरडते. दोन पट्ट्यांच्या बाहेर गेलीस तर स्वतः आत घेते. सांभाळते ती तुला.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हात टेबलावर सपाट ठेवले होते, आणि ते मला ओळखीचं होतं. “तिला माझी गरजच नाही. मी फक्त बसायचं. बसून मी पंचवीस वर्षं काढली, वितोल्ड. बसण्यात मी पास आहे.”

“आई, बाबांनी तुला आरामात फिरवलं—”

“फिरवलं खरं.”

“आणि एक थेंब कधी प्यायले नाहीत! लग्नाकार्यात सगळे टेबलाखाली, आणि आमचे बाबा एकटे सरबत पीत बसलेले. लोक म्हणायचे, झिगमुंट म्हणजे संत माणूस. आपल्या जिवासाठी ना?”

“तुमच्या जिवासाठी!” सासूबाई हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “अरे, गावातले सगळे नवरे बायकांच्या मागे लागून त्यांना लायसन काढायला लावत होते. का? तर परतीला गाडी चालवायला कोणीतरी शुद्धीत हवं. तुझे बाबा एकटेच असे निघाले की त्यांनी वोडका सोडली, पण स्टिअरिंग सोडलं नाही. मी विचारायचे, शिकवा मला. तर म्हणायचे, तुला कशाला ताप. बायका माझा हेवा करायच्या, आणि मी मांडीवर बरण्या धरून घरी यायचे. कंजूष माणूस! पैशाला नव्हता कंजूष. चाकाला होता.”

सासऱ्यांबद्दल असं आमच्या घरात कधी कोणी बोललं नव्हतं. वितोल्डच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“गेलेल्या माणसाबद्दल—”

“गेलेल्या माणसाशी मी रोज भांडते. तू मधे पडू नकोस.”

तो उठला, पेला एका घोटात संपवला आणि बाहेर पडला. “लेशेक, जरा हात लाव. ट्रेलरवर चढवू.” लेशेकने ताटातल्या बटाट्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि बटाट्यापाशीच राहिला.

“मला बसने जायला लागेल बहुतेक,” सासूबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या. “स्मशानात, बाजारात, आळंबी आणायला. नाहीतर बोझेना सोडेल. होय ना गं?”

बोझेनाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हा हिशोब तिने केलाच नव्हता. आई गाडी चालवते म्हणून रात्री झोप नाही हे खरं, पण आई गाडी चालवत नाही म्हणजे दिवसा उसंत नाही, हे तिला आत्ता, बटाटे वाढता वाढता उमगलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती मला मागाहून म्हणाली, वहिनी, ‘बोझेना सोडेल’ म्हणताना आईचा आवाज म्हातारा झाला होता. तसा मी तिचा आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

एवढ्यात गॅरेजमधून आरोळी आली. “हे काय केलंय? कोणी केलं हे?”

लेशेक एकदम खोकायला लागला.

मी धावले. गॅरेजचं दार सताड उघडं, आणि वितोल्ड डोक्याला हात लावून उभा. पिल्लू हिरवं होतं. सासऱ्यांचं पिल्लू दूध जास्त पडलेल्या कॉफीच्या रंगाचं. हे म्हणजे बाल्कनीच्या कठड्याचं हिरवं. ब्रशचे फराटेसुद्धा दिसत होते. दाराच्या कडेला एक ओघळ तसाच वाळलेला.

“कठड्याचा रंग उरला होता,” मागून बोझेना आली. “चरात पडल्यावर एका बाजूला खरचटलं होतं. आई म्हणाली, एवढंच कशाला, सगळीच करू.”

“तू? तूच मला फोन केलास ना, गाडी घेऊन जा म्हणून?”

“केला.”

“आणि तूच रंगवलीस?”

“मी डावी बाजू रंगवली,” बोझेना म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिला हसूही येत होतं. “दादा, आईला किती मजा आली होती माहितेय? नाकाला हिरवा रंग लागलेला तिच्या. मी फोन केला तेव्हा मला भीती वाटत होती. आताही वाटते. पण तू नको नेऊस.”

“आता तू उलटतेस?”

“हो, उलटते.”

वितोल्ड गाडीत शिरला. सहा फुटी माणूस. उशी काढून फेकली तरी गुडघे स्टिअरिंगला टेकलेले. मला वाटलं, तो आता गाडी बाहेर काढणार. पण तो मागे वळून हात लांब करून मागच्या सीटची पाठ चाचपत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्याने मला तिथेच पहिल्यांदा सांगितलं. लहानपणी रात्रीच्या प्रवासात तो त्या पाठीला गाल लावून झोपायचा. इंजिन त्याच्यामागेच, त्यामुळे ती ऊबदार असायची आणि सारखी थरथरायची. समोर बाबांची मान दिसायची. वितोल्डला ती गाडी कशाला हवी होती, हे तेव्हा मला समजलं. मेळे, पाटी, सगळं वरवरचं. त्याला पुन्हा एकदा बाबांच्या मागे झोपायचं होतं, आणि इथे तर बाबांचा रंगसुद्धा उरला नव्हता. माझा नवरा त्या हिरव्या डबीत बसून रडला. मी दाराशी उभी राहिले आणि बोझेनाला घरात पाठवलं.

थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं, किल्ली फिरवली आणि दोन सीटांमधला, इंजिन सुरू करायचा छोटा दांडा ओढला. दांडा लुळाच वर आला. पुन्हा ओढला. काही नाही.

“त्या दांड्याची तार वसंतातच तुटलीय,” सासूबाई म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कळलं नाही. अंगावर ॲप्रन, एका हातात आलुबुखारांच्या मुरांब्याचं गरम पातेलं फडक्यात गुंडाळलेलं, दुसऱ्या हातात मोडक्या झाडूचा दांडका. “सरक. तिकडच्या बाजूला. माझी उशी दे आधी.”

“आई, मी तुला—”

“वितोल्ड, मी तुझ्या आत्याला मुरांबा कबूल केलाय. उद्या निवला की त्याला चव नाही. सरकतोस की पातेलं डोक्यावर ठेवू?”

तो सरकला. माणूस कितीही मोठा झाला तरी आईच्या हातात गरम पातेलं असलं की सरकतो. त्यांनी ते पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं, मागे गेल्या, इंजिनावरचं झाकण उघडलं, आणि झाडूचा दांडका आत खुपसून कुठेतरी दाबला. पिल्लू खाकरलं, शिंकलं आणि सुरू झालं. मी संधी साधली आणि मागच्या सीटवर घुसले. गुडघे हनुवटीला लागले, पण अशी संधी कोण सोडेल! ज्या गाडीवरून एवढं रामायण झालं त्या गाडीत मी लग्नानंतर एकदाच बसले होते.

बाहेर पडलो. पांढऱ्या गाडीला आणि ट्रेलरला वळसा घालून निघताना सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता खरं सांगते. त्या पांढऱ्या गाडीतून मी वॉर्सापासून आले ती जांभया देत आले. ती इतकी गुळगुळीत चालत होती की मधे कुठली गावं लागली तेही आठवत नाही. आणि इथे चाळीसच्या वेगाला मला वाटत होतं की आपण उडतोय. प्रत्येक खड्डा नावानिशी कळत होता. खिडकीतून कापलेल्या गवताचा वास, मागून तेलाचा वास, आणि पाठीला ती ऊब. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, सासूबाईंनी दोन बोटं वर केली. शाळेच्या भिंतीवर बसलेली पोरं हात हलवायला लागली. पांढऱ्या गाडीला एकानेही हात केला नव्हता.

“हिचा पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही,” सासूबाई सांगत होत्या. कोणाला, कोण जाणे. “आत जायच्या आधी जरा विनवावं लागतं. क्लच, मग थोडा रेस, पुन्हा क्लच. घाई केली तर किंचाळते. मला महिना लागला होता. बाजाराच्या मैदानात एकटी जायचे, बाजार नसेल त्या दिवशी. पहिल्यांदा आवाज न करता पडला ना, तेव्हा मी गाडी थांबवून टाळ्या वाजवल्या. बघायला एक कुत्रं होतं फक्त.”

वितोल्ड पातेलं सांभाळत बसला होता. चढ लागला की तो पातेल्यावर वाकायचा, वळण आलं की तिरका व्हायचा. मुरांबा सांडू नये म्हणून त्याला रस्त्याकडे बघताच येत नव्हतं.

“यातून काहीच दिसत नाही गं,” तो म्हणाला.

“मांडीवर काही असलं की नाही दिसत.”

एवढंच त्या म्हणाल्या. चर्चचा तोच उतार आला, त्यांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली, आणि पिल्लू कुरकुरत, सावकाश, अगदी शहाण्यासारखं खाली उतरलं.

आत्याकडे मुरांबा दिला, आत्याने केक दिला, निघताना वितोल्डनेच खाली बसून झाडूचा दांडका मागे खुपसला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. परतताना ऊन कलतं होतं आणि नदीकाठचा रस्ता मोकळा होता. सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या.

“ट्रेलर मी उद्या परत देतो,” वितोल्ड म्हणाला. “पांढरी बोझेनाला राहू दे. तिची गाडी तशीही मरायला टेकलीय.”

“बरं.”

“हिचे कागद तुझ्या नावावर करू. मी सही देतो, बोझेना देईल.”

सासूबाईंनी मान हलवली.

“आई,” तो जरा वेळाने म्हणाला, “उद्या सकाळी निघायच्या आधी मला जरा चालवू देशील? या नदीकाठानेच. थोडीशी.”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या.

इतक्या पटकन म्हणाल्या की मला मागे हसू फुटलं. वितोल्ड हसला नाही. सासूबाईही नाही. त्यांनी स्टिअरिंगवरच्या आपल्याच हातांकडे बघितलं. बोटं घट्ट आवळलेली होती, कोणी हिसकावून घेणार असल्यासारखी. मग त्यांनी पाय उचलला, पिल्लू हळू झालं, आणि त्या रस्त्याकडे बघत एकदम म्हणाल्या, “अरे देवा. झिगमुंट!”

“काय झालं?”

“त्याला वाटत नव्हतं मी येडी आहे म्हणून. मला जमणार नाही, असंही वाटत नव्हतं. त्याला फक्त सोडवत नव्हतं रे! एवढंच होतं. एवढंच होतं, आणि मी...” त्यांचे गाल ओले झाले होते, आणि त्या हसत होत्या, आरशात मला दोन्ही दिसत होतं. “एकदा सांगायचं तरी मेल्याने. रेगीना, मला सोडवत नाही म्हणून. मी काय समजले नसते?”

वितोल्डने हात पुढे करून आईच्या खांद्यावर ठेवला. स्टिअरिंगला त्याने हात लावला नाही. पुढे घराकडे जाणारा रस्ता उजवीकडे फुटला, आणि पिल्लू कुरकुरत त्याच्या पुढे निघून गेलं.

“आई, वळण गेलं.”

“दिसलं मला,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चौथा गिअर टाकला.